तो, ते, दहा, वर्ष, नाहीस, स्वप्न



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांच्या संध्याकाळच्या रशियन वर्गात मी पहिल्या बाकावर बसत असे. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर दोन अक्षरं काढली. एक वाटोळं, शून्यासारखं. दुसऱ्यात दोन उभ्या दांड्या आणि मधे एक आडवी. एकाच पायरीची शिडी म्हणा. आम्ही सगळे इंग्रजी शिकलेले, त्यामुळे एका सुरात ‘ओह’ म्हणालो. सर म्हणाले, “ओन. रशियनमधला ‘तो’.” आणि खडू खाली ठेवता ठेवता म्हणाले, “शब्दाचा अर्थ नंतर विचारा. आधी विचारा, हा कोणाच्या तोंडचा?”

आज मी त्या दोन अक्षरांबद्दलच बोलणार आहे. आता इथल्या फळ्यावर मी ती काढली आहेत. व्याख्यान छापलं जाईल तेव्हा वाचकांना फक्त ‘ओन’ हा देवनागरी उच्चार दिसेल, म्हणून वाटोळं आणि शिडी हे चित्र कृपया डोळ्यांसमोर असू द्या. विषय एवढाच आहे, पण तो संपवायला मला पाऊण तास लागेल.

सरांच्या त्या वाक्याचा अर्थ मला पुण्यात कळला नाही. तो मॉस्कोत कळला, १९८६ च्या हिवाळ्यात, वसतिगृहाच्या खोलीत. आम्ही तिघं होतो. एक कझाक, एक मंगोल आणि मी. त्या काळी तिकडे अंडी डझनावर मिळत नसत, दहा-दहाच्या हिशेबानं विकली जात. एका संध्याकाळी कझाक मित्र बाजारातून आला आणि टेबलावर अंडी मांडत आपल्या भाषेत मोजू लागला. सेगिज, तोगिज, ओन. मी पुस्तकातून डोकं वर काढून रशियनमध्ये विचारलं, “तो कोण?” त्यानं दहावं अंडं हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. त्याच्या भाषेत ओन म्हणजे दहा.

महिनाभरात नवं वर्ष आलं. मंगोल मित्राला घरून भिंतीवरचं कॅलेंडर आलं होतं. वर घोड्यांचा कळप, खाली लाल आकडे, १९८७, आणि आकड्यांच्या पुढे तीच दोन अक्षरं. वाटोळं आणि शिडी. आता मी शहाणा झालो होतो. वाटलं, यांच्याकडेही दहाच असेल. १९८७ दहा? काही जुळेना. मित्र म्हणाला, ओन म्हणजे वर्ष. १९८७ ओन, सन १९८७. दहाला ते अराव म्हणतात, आणि ‘तो’ला तेर.

एक खोली, तीन पलंग, दोन अक्षरं आणि तीन अर्थ. त्या रात्री मी सरांना पत्र लिहिलं. उत्तर पोस्टकार्डावर आलं. त्यात एकच प्रश्न होता: “आणखी कोण कोण ओन म्हणतं?” पुढची चाळीसेक वर्षं इतर कामं करता करता मी या प्रश्नाचं उत्तर जमवत आलो. ते पोस्टकार्डावर मावलं नसतं.

आधी लिपीचं थोडं सांगतो, कारण घोटाळ्याचं मूळ तिथे आहे.

या लिपीला सिरिल या संताचं नाव आहे, पण ती त्यानं केलेली नाही. सिरिल आणि त्याचा भाऊ मेथोडियस ८६३ च्या सुमारास स्लाव्ह लोकांमध्ये धर्मप्रसारासाठी गेले, तेव्हा सिरिलनं तयार केलेली लिपी वेगळी होती, ग्लागोलितिक. ८६९ मध्ये तो रोममध्ये वारला. आज जिला सिरिलिक म्हणतात ती ग्रीक अक्षरांवर बेतलेली लिपी त्यानंतर, बल्गेरियाच्या राजाश्रयानं, प्रेस्लाव्हच्या विद्वानांत रुळली. तिच्या आरंभकाळात आपली ‘शिडी’ शिडी नव्हती. मधली दांडी तिरपी होती, इंग्रजी ‘एन’सारखी. आणि आज जे अक्षर तिरप्या दांडीचं आहे, ‘इ’चं, त्याची दांडी तेव्हा आडवी होती. चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास लेखनिकांच्या हातून या दांड्या फिरल्या. आमच्या वर्गानं ‘ओह’ वाचलं त्याला जबाबदार ते लेखनिक!

जुन्या स्लाव्ह पाठशाळेत प्रत्येक अक्षराला नाव असे आणि ते नाव म्हणजे एक अर्थाचा शब्द असे. आपण ‘ग गणपतीचा’ म्हणतो, पण अक्षर शेवटी ‘ग’च राहतं. तिथे अक्षराचं नावच तो शब्द. ‘ब’चं नाव बुकि, म्हणजे अक्षर. ‘द’चं नाव दोब्रो, म्हणजे चांगलं. ‘न’चं नाव नाश, म्हणजे आमचा. आणि ‘ओ’चं नाव? ओन, म्हणजे तो. १९१८ पर्यंत व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी एक मुकं चिन्हही लिहावं लागे, त्याचं नाव येर. तेव्हा जुन्या पद्धतीनं शिकणारं रशियन पोर हा शब्द असा घोकायचं: ओन, नाश, येर, ओन. तो, आमचा, मुकं चिन्ह, झाला ‘तो’. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी टेबलापासून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. शब्दाचं पहिलं अक्षर स्वतःच तो शब्द आहे.

ते येर पूर्वी मुकं नव्हतं. हजार वर्षांपूर्वी तो अतिऱ्हस्व ‘उ’ होता आणि शब्द ‘ओनु’ असा काहीसा ऐकू येई. त्याचा अर्थही निव्वळ ‘तो’ नव्हता. ‘तो पलीकडचा’, नजरेच्या टप्प्याच्या काठावरचा, असा होता. ही दूरची खूण अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. चर्चमध्ये शुभवर्तमान वाचायला सुरुवात होते ती ‘वो व्रेम्या ओनो’ या शब्दांनी: त्या दूरच्या काळी. बल्गेरियननं ‘तो’साठी तोय हा वेगळा शब्द घेतला, पण ‘तो पलीकडचा’ म्हणायला ओन्झि ठेवला. सर्बियनमध्ये ओन म्हणजे तो, आणि ओनाय म्हणजे तो तिकडचा. सगळ्यांत देखणी व्यवस्था मॅसेडोनियनची. तिथे नामाच्या शेपटाला दर्शक प्रत्यय लागतो आणि तो तीन अंतरांचा असतो. चोवेकोव, हा माणूस. चोवेकोत, तो माणूस. चोवेकोन, तो पलीकडचा माणूस. आमच्या गावाकडे म्हातारी माणसं ‘त्यो तकडला’ म्हणताना ‘तकडला’वर आवाज चढवतात. मॅसेडोनियन माणसाचं तेच काम एका ‘ओन’वर भागतं.

युक्रेनियननं याच शब्दाचं विन केलं, बेलारुसियननं योन. रशियननं मात्र अक्षरं तशीच ठेवली आणि त्याला ‘तो’ हे घरचं काम दिलं. पण फक्त कर्त्याचं. ‘तो आला’ म्हणताना ओन. ‘त्याला’, ‘त्याचा’ म्हणायचं झालं की ओन गायब होतो आणि येमू, येव्हो अशी भलत्याच धातूची रूपं येतात. प्रथमा एका घरची, बाकीच्या विभक्त्या दुसऱ्या घरच्या. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

रशियन स्त्रीलिंगी रूप लिहितात ओना, पण मॉस्कोत म्हणतात अना. ज्या ओकारावर आघात नाही त्याचा अकार करायचा ही तिथली रीत. अनेकवचन अनी. १९१८ च्या शुद्धलेखन सुधारणेआधी आणखी एक लेखी रूप होतं, अन्ये. घोळक्यात सगळ्या बायकाच असतील तर अनी लिहायचं नाही, अन्ये लिहायचं. म्हणजे आपलं ‘ते’ आणि ‘त्या’. बोलण्यात हा भेद फारसा उरला नव्हता, म्हणून सुधारकांनी तो कागदावरूनही काढून टाकला. त्याच सुधारणेत दोन वेगळ्या ‘इ’ एक झाल्या आणि ‘मिर’ म्हणजे शांतता व ‘मिर’ म्हणजे जग हे दोन शब्द सारखे दिसू लागले. आपल्यापैकी ज्यांनी मीर प्रकाशनाची गणित-पदार्थविज्ञानाची पुस्तकं वापरली, त्यांनी हा शब्द मुखपृष्ठावर पाहिला आहे. पण ते दोन मिर मुळात एकच शब्द. एका झाडाच्या दोन फांद्या. ओनचं तसं नाही. ओनमध्ये झाडंच वेगळी आहेत. एक जोडी सोडून.

त्या जोडीकडे आता येतो.

ताजिकिस्तानात फारसी बोलतात. तिला ते ताजिक म्हणतात आणि सिरिलिकमध्ये लिहितात. ताजिक वर्तमानपत्र उघडलं की ओळीओळीला ओन दिसतो. अर्थ? ‘ते’, ‘तो’, म्हणजे दर्शक सर्वनाम. ईन म्हणजे हे, ओन म्हणजे ते. ओन्हो म्हणजे ते सगळे. रशियनमध्ये तो, ताजिकमध्ये ते! माझ्यासारख्या विद्यार्थ्याला वाटलं, रशियन सत्तेच्या काळात शब्द उचलला असेल. पण हा तर इराणातला ‘आन’. रूदकी या कवीच्या काळापासूनचा, म्हणजे मध्य आशियात रशियन माणूस पोचण्याच्या कितीतरी आधीचा. ताजिक उच्चारात दीर्घ ‘आ’ वाटोळा होऊन ओकाराकडे झुकतो. म्हणून आन चा ओन.

मग हा योगायोगच? सरांना हे लिहिलं तेव्हा त्यांचं दुसरं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच शब्द, देवनागरीत: “अनेन”.

आपण सगळ्यांनी तो ऐकलेला आहे. पूजा संपताना गुरुजी पळीभर पाणी ताम्हनात सोडायला लावतात आणि ‘अनेन’पासून सुरू होणारं वाक्य म्हणतात. अनेन, म्हणजे ‘याने’. शाळेत इदम् सर्वनाम चालवताना आपण अडखळलो ते इथेच: अयम्, इमम्, आणि मधेच अनेन. हा ‘अन’ कुठून टपकला? तो एका जुन्या सर्वनामाचा उरलेला तुकडा आहे. संस्कृतात त्याची बहुतेक रूपं पुसली गेली. अनेन, अनया, अनयोः अशी मोजकी राहिली. अवेस्ताच्या भाषेत हा अन भेटतो, आणि फारसी ‘आन’चं मूळ अभ्यासक तिथवर नेतात. लिथुआनियनमध्ये आजही ‘तो पलीकडचा’ म्हणजे अनस. आणि स्लाव्ह भाषांनी जुन्या ऱ्हस्व अकाराचा सरसकट ओकार केला, म्हणून त्यांच्याकडे ओन.

तर रशियन ओन आणि ताजिक ओन हे खरे भाऊबंद आहेत. काही हजार वर्षांपूर्वी वेगळे झाले. एकाच्या घरी ऱ्हस्व ‘अ’चा ‘ओ’ झाला, दुसऱ्याच्या घरी दीर्घ ‘आ’ ‘ओ’कडे वळला, दोन वेगळ्या कारणांनी, दोन वेगळ्या काळांत. आणि दोघं पुन्हा सारखे दिसू लागले. भाऊबंद असल्यामुळे ते सारखे दिसतात असं म्हटलं तर ते चूक. परके आहेत म्हटलं तर तेही चूक. आणि आता ती विभक्तीची गोष्ट आठवा. रशियनमध्ये हा शब्द फक्त प्रथमेत उरला. संस्कृतात तो मुख्यतः तृतीयेत उरला. जुन्या वाड्याची भिंत पडावी, एका भावाकडे दारावरची गणेशपट्टी राहावी आणि दुसऱ्याकडे खुंटी, तसं. मॉस्कोतली बाई ‘अना’ म्हणते तेव्हा मला ‘अनया’ ऐकू येतं. पण इथे सावध राहिलं पाहिजे. तो ‘अ’ जुना नाही, आघात नसल्यानं अलीकडे झालेला आहे. कानाला गोड लागतं म्हणून पुरावा मानायचा नाही, हे सरांनी शिकवलं होतं.

कझाक मित्राच्या दहाव्या अंड्याकडे वळू या. तुर्की कुळातल्या कितीतरी भाषांत ओन म्हणजे दहा. कझाक, किरगीझ, तुवा सगळ्यांत ओन. तातारीत तो उन होतो, साखा भाषेत उओन, चुवाशमध्ये वुन्ना. आणि हा दहा मोठ्या आकड्यांत लपूनही बसतो. कझाकमध्ये ऐंशी म्हणजे सेक्सेन आणि नव्वद म्हणजे तोक्सान. सेगिज म्हणजे आठ, तोगिज म्हणजे नऊ. आठ ओन, नऊ ओन. बोलून बोलून झिजलेले. शाळेच्या सत्रालाही कझाकमध्ये तोक्सान म्हणतात, कारण वर्षाचा चौथा भाग म्हणजे नव्वद दिवस. मित्राची बहीण परीक्षेबद्दल लिहिताना ‘हा नव्वद वाईट गेला’ असं लिहायची.

या ‘दहा’नं इतिहासात नावंही ठेवली आहेत. काळ्या समुद्राच्या उत्तरेला ओनोगुर नावाचा जमातींचा संघ होता. ओन ओगुर, दहा जमाती. हंगेरीचं जे नाव आपण घेतो ते याच ओनोगुरवरून आलं असं मानतात. सातव्या शतकात कुब्रातच्या राज्यातले बल्गार या ओनोगुरांशी जोडलेले होते, आणि त्याचा मुलगा अस्पारुख यानं डॅन्यूबपाशी बल्गेरियाचं राज्य उभारलं. त्याच बल्गेरियात पुढे ही लिपी वाढली. ज्यांच्या नावात दहा होता त्यांच्या राज्यात, ज्यांचा ओन म्हणजे ‘तो’ होता त्यांच्यासाठी, ही अक्षरं बसवली गेली. बल्गार लोक स्लाव्ह भाषेत विरघळले आणि त्यांची मोजणी गेली. आज बल्गेरियन माणूस दहाला देसेत म्हणतो, आपल्या दशचा नातलग.

तुर्की दहाचा फार जुना लेखी पुरावा मात्र मंगोलियात आहे. ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातले शिलालेख उभे आहेत. एक ७३२ चा, कुल तिगिन या राजपुत्राच्या स्मरणार्थ, दुसरा ७३५ चा, त्याचा भाऊ बिल्गे खगान याच्यासाठी. ही लिपी १८९३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसननं उलगडली. त्या दगडांवर ‘ओन ओक’ म्हणजे ‘दहा बाण’ असा पश्चिमेकडच्या तुर्कांचा उल्लेख येतो. आज तिथून जाणारा मंगोल मेंढपाळ ओन म्हणतो तेव्हा त्याला वर्ष अभिप्रेत असतं. जमीन तीच, पण तोंड बदललं.

मंगोल ओनचा तुर्की दहाशी संबंध नाही, हे कसं ओळखायचं? मंगोलांच्या तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या नोंदींत हा शब्द ‘होन’ असा येतो. पुढे आरंभीचा ‘ह’ गळाला. तुर्की दहाला असा ‘ह’ त्या शिलालेखांतही नाही. होन हा उच्चार ऐकून तुम्हाला शिवरायांचा होन आठवला असेल. मलाही आठवला होता. तो कन्नड होन्नु, सोनं. त्याचा इथे काही संबंध नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. हे शब्द कागदावर सारखे दिसू लागले ते फार अलीकडे. १९२० च्या दशकापर्यंत ताजिक आणि कझाक दोघंही अरबी लिपीत लिहीत. तिथे ताजिक ‘आन’ अलिफवर मद्द देऊन लिहायचा, आणि तुर्की ‘ओन’मध्ये अलिफनंतर वाव यायचा. दोघांची गल्लत होणं शक्यच नव्हतं. मंगोल तर वरून खाली लिहीत. मग सोव्हिएत काळात आधी रोमन लिपी आली. ताजिकसाठी १९२८ मध्ये, कझाकसाठी १९२९ मध्ये. बारा वर्षांच्या आत तीही गेली. १९४० मध्ये कझाक, किरगीझ आणि ताजिक सिरिलिकमध्ये आल्या. मंगोलियानं १९४१ मध्ये निर्णय घेतला आणि १९४६ पासून सिरिलिक अधिकृत झाली. एका पिढीला तीन तीनदा अक्षरओळख करावी लागली. कझाक मित्राच्या आजोबांच्या वह्या घरात कोणालाच वाचता येत नव्हत्या. ट्रंकेत नीट बांधून ठेवल्या होत्या, अरबी अक्षरांतल्या. कवितांच्या असाव्यात एवढंच घरच्यांना माहीत. त्या वह्यांत कुठेतरी ‘ओन’ असेलच, पण मला तो ओळखू आला नसता.

तेव्हा माझ्या खोलीतला तो घोटाळा हजार वर्षांचा नव्हता. तो सरकारी निर्णयांतून झाला होता. त्याचं वय जेमतेम चाळीस वर्षं होतं. आमच्या आईवडलांपेक्षा लहान.

आणखी दोन तोंडं राहिली. ती लहान आहेत, म्हणून त्यांना जास्त वेळ देणार आहे.

युरोपीय रशियाच्या ईशान्येला कोमी लोकांचा प्रदेश आहे, राजधानी सिक्तिवकार. त्यांची भाषा फिनिशच्या कुळातली. चौदाव्या शतकात स्तेफान या धर्मोपदेशकानं त्यांच्यासाठी स्वतंत्र लिपी केली होती. ती टिकली नाही. कोमीतला ओन मी व्याकरणात पाहिला तेव्हा मला तो रशियन वाचकापेक्षा लवकर कळला असेल, कारण मी मराठी आहे. रशियनमध्ये नकारासाठी एक न बदलणारं अव्यय असतं. मी, तू, तो कोणीही असो, ते तसंच. कोमीमध्ये नकार चालवावा लागतो. मी नाही, ओग. तू नाहीस, ओन. तो नाही, ओज. ‘ते ओन मुन’ म्हणजे ‘तू जात नाहीस’. इथला ‘ते’ म्हणजे तू. ओनमध्ये ‘नाही’ आहे आणि ‘तू’ही आहे, अगदी आपल्या ‘नाहीस’सारखा. त्या एका ‘स’मध्ये आपण समोरच्या माणसाला उभं करतो ना, तसाच त्यांचा ‘न’ उभा करतो. रशियनला हे समजावून सांगायला एक परिच्छेद लागतो. मराठी माणसाला ‘नाहीस’ म्हटलं की पुरे. मराठी आणि कोमी यांचं काही नातं नाही. दोन भाषांना एकच सोय सुचली आहे.

दुसरं तोंड एर्झ्या लोकांचं. व्होल्गाच्या पश्चिमेला मोर्दोव्हिया आहे, राजधानी सारान्स्क. तिथे एर्झ्या आणि मोक्शा या दोन भगिनीभाषा बोलतात, त्याही फिनिशच्या दूरच्या. एर्झ्यामध्ये ओन म्हणजे स्वप्न. फिनिशमध्ये झोपेला आणि स्वप्नाला उनि म्हणतात, त्याचा हा आप्त. रशियनमध्ये स्वप्नाला सोन म्हणतात, तो मात्र आपल्या ‘स्वप्न’चा सख्खा. सोनमधला ‘स’ काढला की एर्झ्याचा ओन उरतो. किती मोह होतो इथे काहीतरी जोडायचा! जोडायचं नाही. दोन वेगळी कुळं आहेत.

एर्झ्या पोराच्या दृष्टीनं पाहा. घरात आजी विचारते, रात्री काय ओन पाहिलंस? शाळेत गेलं की पहिल्या दिवसापासून रशियन पुस्तकाच्या प्रत्येक ओळीत ओन, आणि तिथे त्याचा अर्थ ‘तो’. ओन गेला, ओन आला, ओन म्हणाला. अक्षरं तीच, म्हणून शब्द परका आहे हे दिसतही नाही. निराळी लिपी असती तर कुंपण तरी दिसलं असतं. लिपी एकच असली की मोठ्या भाषेचा अर्थ लहान भाषेच्या अर्थावर अलगद येऊन बसतो, आणि मग पोर एक दिवस आजीचा शब्द वाचतानाही ‘तो’ असंच वाचतं.

युनेस्कोच्या २०१० च्या नकाशात कोमी आणि एर्झ्या दोन्ही धोक्यात असलेल्या भाषांत आहेत. २०१८ मध्ये रशियात कायदा झाला आणि प्रजासत्ताकांतल्या शाळांत स्थानिक भाषा शिकणं पूर्णपणे ऐच्छिक झालं. कोमीची सख्खी बहीण म्हणजे उदमुर्त भाषा. तिच्यातही नकार असाच चालतो. १० सप्टेंबर २०१९ रोजी उदमुर्त विद्वान आल्बेर्त राझिन इझेव्स्क शहरात प्रादेशिक विधिमंडळाच्या इमारतीसमोर भाषेसाठी फलक घेऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. ते ७९ वर्षांचे होते. त्याच दिवशी ते गेले. त्यांच्या निर्णयाबद्दल मला काही म्हणायचा अधिकार नाही. पण शब्दांचे अर्थ जमवणं हा माझा चाळीस वर्षांचा आनंद आहे, आणि त्या बातमीनंतर काही महिने मला माझी चिठ्ठ्यांची पेटी उघडवली नाही.

आपल्याला हे सगळं परकं वाटू नये. देवनागरी आपली एकट्याची नाही. ‘संसार’ हा शब्द हिंदी माणूस वाचतो तेव्हा त्याला जग दिसतं. आपल्याला चूल, मुलं आणि महिन्याचा हिशेब. ‘यातायात’ म्हणजे तिकडे रहदारी, इकडे सोसलेले कष्ट. ‘शिक्षा’ म्हणजे तिकडे शिक्षण, इकडे दंड. मुंबईतल्या मुलांना मी ‘शिक्षा’चा अर्थ विचारतो आणि मराठी घरातली मुलंही ‘एज्युकेशन’ म्हणतात. चूक त्यांची नाही. अक्षरं तीच आहेत, आणि फलकांवर जो अर्थ जास्त वेळा दिसतो तो डोळ्यांत बसतो. इथे एर्झ्या पोर आणि मराठी पोर एकाच बाकावर बसलेली आहेत, असं मला वाटतं.

सरांच्या त्या दोन पोस्टकार्डांबरोबर मी ती पुठ्ठ्याची पेटी ठेवली आहे. तिच्यात ‘ओन’च्या चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर डावीकडे आधी तोंड लिहिलं आहे, मग अर्थ. कझाक चिठ्ठीच्या मागे मी पेन्सिलीनं एक टीप केली आहे: २०१७ मध्ये कझाकस्ताननं पुन्हा रोमन लिपीकडे जायचं ठरवलं, मुदत पुढे पुढे जाते आहे. अझरबैजान, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान १९९० च्या दशकातच त्या वाटेला लागले. हा दहा रोमनमध्ये गेला की इंग्रजी वाचणाऱ्याला तो ‘वर’ असा दिसेल आणि फ्रेंच वाचणाऱ्याला ‘आपण’ असा. म्हणजे आणखी चिठ्ठ्या कराव्या लागतील.

मंगोल मित्र आता आजोबा झाला आहे. दर डिसेंबरच्या शेवटी त्याच्या शुभेच्छा येतात, ‘शिने ओन’, नवं वर्ष. १ जानेवारी २०२५ पासून मंगोलियात सरकारी कागदपत्रं दोन लिप्यांत निघू लागली, सिरिलिक आणि जुनी उभी मंगोल. त्या वर्षी त्याच्या नातीनं शुभेच्छापत्र उभ्या लिपीत, हातानं लिहून पाठवलं. मला ती लिपी नीट येत नाही. मित्रानं फोनवरून एकेक फराटा सांगितला. तिथे फराट्यांना शरीरासारखी नावं आहेत. ओन लिहायला वर एक मुकुट, खाली पोट, आणि शेवटी शेपूट. मी बोट वरून खाली नेत गेलो. मुकुट, पोट, शेपूट. तिथे शिडी नव्हती. रशियन वाचणाऱ्या कोणालाही तो शब्द ‘तो’ असा वाचता आला नसता, आणि कझाक मित्रालाही दहा असा नाही. नातीनं त्यात लिहिलं होतं ते फक्त वर्ष.